सोनोग्राफीत निरोगी स्वादुपिंड कसं ओळखावं: तयारीपासून रिपोर्टपर्यंत, क्रमाने

पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सर्वांत सहज लिहिली जाणारी ओळ म्हणजे 'स्वादुपिंड नॉर्मल'. आणि तपासणीत सर्वांत कमी नीट पाहिला जाणारा अवयवही तोच. डोक्याचा थोडा भाग दिसला, धडाची एक पट्टी दिसली, शेपटीच्या जागी गॅसचा पांढरा पडदा होता, तरी रिपोर्टमध्ये अख्खं स्वादुपिंड नॉर्मल होऊन जातं. शिकणाऱ्यांच्या हातून हे पुन्हा पुन्हा होताना पाहिलं, म्हणून हा लेख. सोनोग्राफी शिकणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. पहिला टप्पा मात्र तपासणीला जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. डोकं, अनसिनेट (डोक्यातून निघालेला जिभेसारखा भाग), मान, धड आणि शेपूट या पाच भागांचा निवाडा वेगवेगळा करायचा. एक भाग चांगला दिसला म्हणून बाकीचे चांगले धरायचे नाहीत.

१. पेशंटची तयारी

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पसरलेलं असतं. ध्वनिलहरींना तिथे पोचायचं तर जठर, ड्युओडेनम (छोट्या आतड्याचा पहिला भाग) आणि आडवं मोठं आतडं यांच्या आसपासून वाट काढावी लागते. मध्ये हवा असली की लहरी तिथूनच परत फिरतात. म्हणून सगळी तयारी हवा कमी करण्यासाठी असते.

- ६ ते ८ तास काही खायचं नाही. सकाळची पहिली वेळ सर्वांत सोयीची, कारण उपासाचा बराचसा वेळ झोपेत निघून जातो.
- च्युइंगम, सिगरेट, सोड्याची पेयं बंद. उपाशी माणूस वेळ काढायला च्युइंगम चघळतो आणि घोटाघोटाने हवा गिळत राहतो.
- नेहमीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर चालतात. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या का, हे आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. स्वतःच्या मनाने डोस घेऊ नका, टाळूही नका.
- त्याच दिवशी एंडोस्कोपी किंवा बेरियमची तपासणी असेल तर सोनोग्राफी आधी करून घ्या. एंडोस्कोपीत जठरात हवा भरली जाते आणि बेरियम लहरी अडवतं.

> तपासा: 'काही खाल्लंय का?' असं विचारलं की बहुतेक जण 'नाही' म्हणतात, कारण चहा-बिस्कीट त्यांच्या लेखी खाण्यात येत नाही. 'शेवटचं तोंडात काय घातलं आणि किती वाजता?' असं विचारा.

२. मशीनची तयारी

मोठ्या माणसासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झचा वक्र प्रोब (पोटावर टेकवायचा, लहरी सोडणारा भाग). लहान मुलांत आणि अगदी सडपातळ माणसांत जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोबही लावून पाहा. त्यात ग्रंथीचा पोत फार स्वच्छ दिसतो.

पाठीच्या कण्याची चमकदार कड पडद्याच्या खालच्या भागात येईल इतकीच डेप्थ (चित्रात किती खोलवर दिसावं ते) ठेवा. नवखी मंडळी डेप्थ जास्त ठेवतात. मग स्वादुपिंड पडद्याच्या मधोमध बोटभर पट्टीएवढं उरतं आणि त्यात नलिका (ग्रंथीतला पाचकरस वाहून नेणारी बारीक नळी) शोधणं अवघड होतं. फोकस ग्रंथीच्या पातळीवर आणा, हार्मोनिक इमेजिंग (चित्र स्वच्छ करणारी मशीनची सोय) सुरू करा. गेन (चित्राचा एकूण उजेड) इतकाच, की एओर्टाचं (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचं) आतलं पोकळ काळं दिसलं पाहिजे. एओर्टात करडं धुकं दिसत असेल तर तेच धुकं स्वादुपिंडाच्या नलिकेतही भरलेलं असणार आणि नलिका दिसणार नाही.

पूर्ण पोटाची सोनोग्राफी असली तरी मी स्वादुपिंडापासूनच सुरुवात करतो. लिव्हर आणि किडनी पाहताना पेशंटला वीस वेळा खोल श्वास घ्यायला लावलेलं असतं. तेवढ्यात बरीच हवा पोटात जाते.

३. आधी रक्तवाहिन्या, मग स्वादुपिंड

इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो. स्वादुपिंडाला मूत्रपिंडासारखं जाड, ठळक आवरण नसतं, त्यामुळे ते सरळ शोधायला गेलात तर डोळा भरकटतो. त्याच्या मागच्या रक्तवाहिन्या मात्र ठरलेल्या जागी असतात.

छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब आडवा ठेवा. पेशंटची उजवी बाजू पडद्यावर डावीकडे येईल अशी दिशा ठेवा आणि खालून वर या क्रमाने ओळख पटवा:

1. कण्याची चमकदार कमान आणि तिच्यामागची काळी सावली.
2. कण्यासमोर, पडद्यावर किंचित उजवीकडे, गोल आणि ठोके देणारी एओर्टा. डावीकडे चपटी, श्वासाबरोबर आकार बदलणारी आयव्हीसी (हृदयाकडे रक्त नेणारी खालची महाशीर).
3. एओर्टाच्या समोर एसएमए (आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी). छोटं काळं वर्तुळ आणि त्याभोवती चरबीचं पांढरं कडं. हे कडं एकदा डोळ्यांत बसलं की विसरत नाही.
4. एसएमएच्या समोरून आडवी जाणारी स्प्लेनिक व्हेन (प्लीहेकडून, म्हणजे स्प्लीनकडून, येणारी शीर). ती पडद्यावर डावीकडे फुगते, तिथे एसएमव्ही (आतड्यांकडून येणारी शीर) येऊन मिळते आणि पोर्टल व्हेन (लिव्हरकडे जाणारी शीर) सुरू होते. सगळं मिळून एक आडवा पडलेला स्वल्पविराम दिसतो.

या स्वल्पविरामाच्या अंगावर, म्हणजे पडद्यावर त्याच्या लगेच वर, जी एकसारख्या दाण्याची पट्टी पांघरलेली दिसते ते तुमचं स्वादुपिंड.

> तपासा: स्प्लेनिक व्हेन सापडली नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. तिच्याशिवाय दिसणारी करडी पट्टी जठराची मागची भिंत असू शकते, ड्युओडेनमही असू शकतो.

४. आडव्या छेदात पाचही भाग

मानेपासून सुरुवात करा. एसएमव्ही आणि स्प्लेनिक व्हेन जिथे मिळतात त्याच्या नेमकी समोर मान असते. ग्रंथीचा सर्वांत अरुंद भाग हाच, आणि बहुतेकांत तो सहज सापडतो.

मानेपासून पेशंटच्या डाव्या बाजूला सरकलं की धड. ते एओर्टा आणि एसएमएच्या समोरून कमानीसारखं जातं. कण्यावरून जात असल्यामुळे धड त्वचेला सर्वांत जवळ असतं. लिव्हरचा डावा भाग त्याच्यावर लहरींना वाट देणाऱ्या खिडकीसारखा पसरलेला असेल तर चित्र उत्तम येतं. पेशंटला खोल श्वास घेऊन धरायला सांगा, लिव्हर खाली सरकतं. काहींना 'पोट फुगवा' म्हटलेलं जास्त जमतं.

प्रोब अगदी सरळ आडवा ठेवणं ही इथली नेहमीची चूक. बहुतेकांत शेपूट डोक्यापेक्षा वर असते, म्हणून प्रोबची पेशंटच्या डावीकडची बाजू थोडी वर, खांद्याकडे फिरवा. सरळ आडव्या छेदात धड मध्येच तुटल्यासारखं दिसतं आणि 'शेपूट लहान आहे' असा गैरसमज होतो. ती लहान नसते, छेदाबाहेर गेलेली असते.

शेपूट धडाच्या पुढे मागे वळते आणि प्लीहेच्या दाराशी (जिथून तिच्या रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात) जाऊन संपते. तिच्यासाठी सहावा टप्पा वेगळा ठेवला आहे.

मग मानेकडे परत या आणि प्रोब पेशंटच्या उजवीकडे व खाली सरकवा. डोकं आयव्हीसीच्या समोर, ड्युओडेनमच्या कुशीत असतं. डोक्याच्या आडव्या छेदात दोन ठिपके शोधा: पुढच्या बाहेरच्या कोपऱ्यात गॅस्ट्रोड्युओडेनल धमनी आणि मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात पित्तनलिका. हे दोन ठिपके डोक्याची बाहेरची हद्द दाखवतात. त्यांच्या पलीकडे जे आहे ते ड्युओडेनम.

शेवटी अनसिनेट. एसएमव्हीच्या मागे, आयव्हीसीच्या समोर शिरलेली ही डोक्याची जीभ. तिचं टोक निमुळतं असतं. टोकाच्या जागी गोलाई दिसली तर तिथे थांबा आणि पुन्हा नीट पाहा.

> सावधान: ड्युओडेनममध्ये अन्न आणि हवा मिसळलेली असली की तो डोक्यातल्या गाठीसारखा दिसतो. एखादं मिनिट प्रोब तिथेच धरून ठेवा. आतडं असेल तर आतला मजकूर हलतो, भिंत आकार बदलते. गाठ जागची हलत नाही.

५. तेच सगळं उभ्या छेदात

आडव्या छेदात काम झालं असं वाटतं आणि हा टप्पा गाळला जातो. तसं करू नका. आडव्यात निसटलेला डोक्याचा खालचा भाग उभ्यात सापडतो.

तीन उभे छेद पुरतात. आयव्हीसीवर प्रोब उभा केला की तिच्यासमोर डोकं आणि त्याच्या मागच्या भागातून उतरणारी पित्तनलिका दिसते. एसएमव्हीवर आणला की शिरेच्या समोर मान आणि मागे अनसिनेट, म्हणजे शीर दोघांच्या मध्ये. एओर्टावर आणला की लिव्हर आणि एसएमए यांच्यामध्ये धडाचा लंबगोल काप आणि त्याच्या मागच्या कडेला स्प्लेनिक व्हेनचं काळं टिंब.

६. गॅस आडवा आला, शेपूट दिसत नाही

हे उपाय याच क्रमाने करा. एक फसला की दुसरा.

1. दाब. प्रोब एकदम रोवू नका. पेशंट श्वास सोडत असताना हळूहळू दाब वाढवा आणि तसाच धरून ठेवा. आतड्यातली हवा बाजूला सरकायला काही सेकंद लागतात.

> सावधान: दाबण्याआधी एओर्टा किती रुंद आहे ते पाहून घ्या. ३ सेंमी किंवा त्याहून रुंद असेल तर तो एन्युरिझम (धमनीचा फुगवटा), तिथे दाब द्यायचा नाही. पोट हाताला कडक किंवा फार दुखरं असेल तरी नाही.

2. कूस बदलणं. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, टेकून बसवून, उभं करून. बसवल्यावर लिव्हर आणि आतडी खाली उतरतात आणि झोपून अजिबात न दिसलेलं धड कित्येकदा समोर येतं. पेशंटला उठवायचा कंटाळा केला तर ते कधीच दिसणार नाही.

3. प्लीहेची खिडकी. पेशंटला उजव्या कुशीवर वळवा आणि डाव्या बरगड्यांच्या फटीतून प्लीहा व डावी किडनी एकत्र दिसतील असा छेद घ्या. प्लीहेचं दार आणि किडनीचं वरचं टोक यांच्यामधल्या बेचक्यात शेपटीचं टोक असतं. प्लीहेच्या शिरेचा माग घेत गेलात तर चुकत नाही. समोरून गॅसने झाकलेली शेपूट मिळवायची मला भरवशाची वाटणारी वाट हीच.

4. पाणी. तरीही दिसत नसेल तर ३०० ते ५०० मिली साधं पाणी, स्ट्रॉने, सावकाश. घटाघट प्यायलं की पाण्याबरोबर हवाही जाते आणि होतं तेही चित्र बिघडतं. पाणी पोटात गेल्यावर त्यातले बुडबुडे बसायला काही मिनिटं द्या. पेशंट डाव्या कुशीवर असताना पाणी जठराच्या वरच्या भागात साठतं आणि धड-शेपूट दिसते. उजव्या कुशीवर वळवलं की ते ड्युओडेनमकडे जातं आणि डोक्याची कड उजळते.

> सावधान: उलट्या होत असतील, तीव्र स्वादुपिंडदाहाची शंका असेल किंवा त्याच दिवशी भूल देऊन काही करायचं असेल तर पाणी पाजू नका.

शेपटीच्या जागी गाठीसारखं दिसतं ते पुष्कळदा छोट्या आतड्याचं वेटोळं असतं, कधी प्लीहेचा लहानसा जोडतुकडा, कधी डावी ॲड्रिनल (किडनीवरची ग्रंथी). नाव देण्याआधी दोन दिशांतून पाहा आणि त्याची हालचाल पाहा.

७. चमक आणि पोत

आता खरा प्रश्न: निरोगी ग्रंथी दिसते कशी?

पोत एकसारखा, बारीक ते मध्यम दाण्याचा. कड गुळगुळीत, नाहीतर हलकी खाचाखाचांची. चमक लिव्हरएवढी किंवा लिव्हरपेक्षा थोडी जास्त. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातल्या दोन अटी विसरल्या जातात.

पहिली अट अशी, की तुलना एकाच खोलीवर करायची. पडद्यावर वर असलेलं लिव्हर आणि खाली असलेलं स्वादुपिंड यांची तुलना केली तर तुम्ही अवयव मोजत नाही, मशीनची गेन मोजता. लिव्हरचा डावा भाग आणि धड एकाच छेदात, शक्य तितक्या सारख्या खोलीवर आणा.

दुसरी अट, लिव्हर स्वतः नॉर्मल असलं पाहिजे. फॅटी लिव्हर उजळ असतं, त्याच्याशेजारी निरोगी स्वादुपिंड काळपट दिसतं आणि 'सूज असावी' असं लिहिलं जातं. उलट स्वादुपिंडातही चरबी असेल तर दोन्ही सारखे उजळ दिसतात आणि 'नॉर्मल' लिहिलं जातं. म्हणून आधी लिव्हर आणि उजव्या किडनीचा बाहेरचा थर शेजारी ठेवून पाहा. लिव्हर त्याच्यापेक्षा स्पष्ट उजळ असेल तर ते तुलनेला निरुपयोगी. मग चमकेवरून काही ठरवू नका, पोत, कड, नलिका आणि आजूबाजूची चरबी यांवर भर द्या.

वयाप्रमाणे चमक बदलते. लहान मुलांत ग्रंथी शरीराच्या मानाने मोठी आणि लिव्हरएवढी किंवा त्याहून थोडी काळपट असते. दहा वर्षांच्या मुलाचं काळपट, भरदार स्वादुपिंड पाहून दाह म्हणू नका. वय वाढेल तशी ग्रंथीत चरबी येते. साठीनंतर ती इतकी उजळ होऊ शकते, की भोवतालच्या चरबीतून वेगळी काढता येत नाही. अशा वेळी स्प्लेनिक व्हेन हीच तिची मागची हद्द. लठ्ठपणा, मधुमेह आणि दीर्घकाळचे स्टिरॉइड यांतही अशी उजळ ग्रंथी दिसते.

आणखी एक फसवा देखावा. ग्रंथी उजळ, पण डोक्याचा मागचा भाग आणि अनसिनेट काळपट. पहिल्यांदा पाहताना छातीत धस्स होतं. ग्रंथी गर्भात दोन कोंबांपासून बनते. डोक्याचा मागचा भाग आणि अनसिनेट ज्या कोंबातून येतात त्यात चरबी कमी साठते, म्हणून हा फरक. निरोगी फरकाची सीमा सरळ रेघेसारखी असते, कड फुगलेली नसते, आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका दोन्ही बारीकच राहतात. यातली एकही गोष्ट जुळली नाही तर हे स्पष्टीकरण वापरू नका, सीटी किंवा एमआरआय सुचवा.

८. नलिका

मुख्य नलिका धडात सर्वांत चांगली दिसते, कारण तिथे लहरी तिच्यावर काटकोनात पडतात. निरोगी नलिका म्हणजे एकच पांढरी रेघ, किंवा दोन समांतर पांढऱ्या रेघा आणि मध्ये केसाएवढी काळी फट. डोक्यात ३ मिमीपर्यंत, धडात २ मिमीपर्यंत, शेपटीकडे त्याहून बारीक. उतारवयात ती थोडी रुंदावते. अजिबात दिसली नाही तरी तेवढ्यावरून दोष ठरत नाही.

शिकत असताना एका सडपातळ बाईंच्या तपासणीत मला ५ मिमीची 'नलिका' दिसली. लांब, काळी, सरळ. मी मोजली आणि लिहिली. बाईंनी विचारलं, 'डॉक्टर, काही गंभीर आहे का?' मी 'अजून तपासावं लागेल' म्हटलं, आणि त्या तशाच घरी गेल्या. संध्याकाळी वरिष्ठांनी चित्र पाहिलं आणि बोट ठेवून एवढंच विचारलं, 'हिच्या वर ग्रंथी कुठे आहे?' नव्हतीच. मी मोजला होता जठराच्या मागच्या भिंतीतला स्नायूंचा काळा थर. दुसऱ्या दिवशी बाईंना बोलावून नीट तपासलं, नलिका रेघेएवढी होती. त्यांची ती एक रात्र माझ्या चुकीमुळे गेली, हे आजही विसरलेलो नाही. तेव्हापासून नलिका मोजण्याआधी हे तीन प्रश्न विचारतो:

1. रेघेच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना ग्रंथीचा पोत आहे का? फक्त खाली असेल तर ती जठराची भिंत. फक्त वर असेल तर स्प्लेनिक व्हेन.
2. कलर डॉपलर (वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय) लावल्यावर रंग भरतो का? वरच्या कडेने नागमोडी जाणारी स्प्लेनिक धमनी ग्रंथीत डोकावते तेव्हा हुबेहूब नलिकेसारखी दिसते. डॉपलरची स्केल (वेगाची मर्यादा) कमी करा आणि प्रोब थोडा तिरका धरा, नाहीतर संथ शीरही बिनरंगी राहते.
3. तिचा माग मानेतून डोक्याकडे लागतो का?

९. मापं

पुढून मागे जाडी मोजा, ग्रंथीच्या त्या भागाच्या लांबीला काटकोनात. डोकं साधारण ३ सेंमीपर्यंत, धड २.५ सेंमीपर्यंत, शेपूट २ ते २.५ सेंमीपर्यंत. लांबी १२ ते १५ सेंमी असते, पण सोनोग्राफीत ती मोजत बसू नका.

धड मोजताना स्प्लेनिक व्हेन आत धरणं आणि डोकं मोजताना ड्युओडेनमची भिंत आत धरणं, या दोन चुकांमुळे निरोगी ग्रंथी 'मोठी' ठरते. तिरक्या छेदात घेतलेलं मापही असंच फुगतं. कुणाची ग्रंथी डंबेलसारखी असते, कुणाची सगळीकडे सारख्या जाडीची. आकड्यापेक्षा मला एका ठिकाणी अचानक आलेला फुगवटा जास्त महत्त्वाचा वाटतो. २.२ सेंमीचं धड आकड्यात बसतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना १ सेंमीची ग्रंथी असेल तर ते नॉर्मल लिहू नका.

१०. रिपोर्ट

रिपोर्ट लिहिण्याआधी पडद्यावर परत एकदा या गोष्टी तपासा: ग्रंथीत सावली टाकणारे चमकदार खडे नाहीत, भोवती पाणी नाही, स्प्लेनिक व्हेन मोकळी आहे, पित्तनलिका रुंद नाही. पित्तनलिका सर्वसाधारणपणे ६ मिमीपर्यंत, उतारवयात आणि पित्ताशय काढलेल्यांत त्याहून थोडी जास्त चालते. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही रुंद असतील तर ग्रंथीत गाठ दिसो वा न दिसो, पुढची तपासणी सुचवलीच पाहिजे.

मग भागांची नावं घेऊन लिहा. 'डोकं, अनसिनेट, मान आणि धड यांचा आकार व पोत नॉर्मल. नलिका रुंद नाही. शेपूट आतड्यातल्या गॅसमुळे दिसली नाही.' हे तिसरं वाक्य लिहायला कमीपणा वाटून घेऊ नका. पुढच्या डॉक्टरला त्याच वाक्यावरून कळतं, की पोटदुखी चालूच राहिली तर सीटी करायची.

पेशंटला वरच्या पोटात तीव्र दुखत असेल, कळ पाठीत जात असेल, तर सोनोग्राफीत ग्रंथी स्वच्छ दिसली तरी स्वादुपिंडदाह नाही असं सांगू नका. सुरुवातीला ग्रंथी अगदी नॉर्मल दिसू शकते. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडात बनणारं पाचक द्रव्य) पाहणं गरजेचं आहे हे त्यांच्या डॉक्टरांना कळवा.

आणि शेपूट एखाद्या खास स्थितीत मिळाली असेल तर तेही एका ओळीत नोंदवा: 'उजव्या कुशीवर, प्लीहेच्या खिडकीतून दिसली' किंवा 'पाणी पाजून, बसवून दिसली'. सहा महिन्यांनी त्याच पेशंटला दुसरं कुणी तपासेल तेव्हा पहिला प्रोब तिथेच ठेवला जाईल.